कागदावरचे बांधकाम : अठराव्या शतकाच्या आरंभीचा इटालियन आरेखक

पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७०२ मध्ये रोमच्या सान लुका अकादमीत चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला या तीन शाखांसाठी एक स्पर्धा सुरू केली. त्यांच्याच नावावरून ती ‘कोंकोर्सो क्लेमेंतीनो’, म्हणजे क्लेमेंट यांची स्पर्धा, या नावाने ओळखली जाऊ लागली आणि तिचा पारितोषिक वितरण समारंभ कॅपिटोल टेकडीवर संगीत व काव्यवाचनाच्या थाटात होऊ लागला. या स्पर्धेतील वास्तुकलेचे बक्षीस मिळवण्यासाठी उमेदवाराला एक वीटही रचावी लागत नसे. अकादमीने दिलेल्या विषयावर, बहुधा कोणीच कधी बांधणार नाही अशा एखाद्या भव्य राजवाड्याची किंवा देवालयाची चित्रे मोठ्या कागदांवर काढून द्यायची, आणि ही चित्रे खरोखर त्याच्याच हातची आहेत याची खात्री पटावी म्हणून परीक्षकांच्या देखरेखीखाली मर्यादित वेळात आणखी एक चित्र काढून दाखवायचे, एवढीच अपेक्षा असे. वरवर पाहता ही एक शालेय परीक्षा होती. पण तिच्यामुळे वास्तुविद्येतील कौशल्य बांधकामापासून सोडवून कागदावर तपासता येते हे अधिकृतपणे मान्य झाले. अठराव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत इटलीमध्ये वास्तू आणि यंत्रांची चित्रे काढणाऱ्यांचा जो एक स्वतंत्र वर्ग दिसू लागतो, त्याच्या इतिहासाला सुरुवात करण्यासाठी ही स्पर्धा सोयीची आहे.

या वर्गातील माणसाला येथे ‘आरेखक’ म्हटले आहे. प्रत्यक्षात तो कधी वास्तुशास्त्रज्ञाच्या हाताखालचा उमेदवार असे, कधी लष्करी अभियंता, कधी रंगभूमीचे पडदे रंगवणारा, तर कधी नदीच्या पाहणीवर नेमलेला परदेशी चित्रकार. या सर्वांना जोडणारी गोष्ट म्हणजे त्यांची चित्रभाषा. तिच्यात तीन चित्रे मुख्य असत. जमिनीला समांतर अशी वास्तू कापली असता भिंती आणि खांब जसे दिसतील ते तलचित्र. तीच वास्तू वरून खाली उभी चिरली असता आतले मजले, कमानी आणि घुमटाची जाडी दाखवणारे ते छेदचित्र. आणि समोरून दिसणारी बाजू कोणताही भाग जवळचा म्हणून मोठा वा लांबचा म्हणून लहान न करता दाखवणारे ते दर्शनचित्र. या तिन्हींचे वैशिष्ट्य असे, की डोळ्याला वास्तू कधीच तशी दिसत नाही, परंतु गवंड्याला आणि पाथरवटाला हवी असलेली मापे मात्र त्यांवरूनच थेट घेता येतात. यथादर्शन पद्धतीचे चित्र, म्हणजे दूरचे लहान होत जाणारे आणि डोळ्यांना खरे भासणारे चित्र, हे त्या मानाने धनिकाला भुरळ घालण्यासाठी असे. चांगल्या आरेखकाला दोन्ही यावे लागे आणि कोणासमोर कोणते ठेवायचे हेही कळावे लागे.

या कौशल्याचे सर्वांत मोठे शिक्षणकेंद्र म्हणजे कार्लो फोंताना (१६३८–१७१४) यांची रोममधील चित्रशाळा. फोंताना स्वतः तरुणपणी बेर्निनी, पिएत्रो दा कोर्तोना आणि राइनाल्दी अशा तीन मोठ्या वास्तुशास्त्रज्ञांकडे चित्रे काढून देण्याचे काम करत होते, आणि त्यांची पुढची ख्याती ही त्या उमेदवारीच्या शिस्तीवर उभी होती. फोंतानांच्या वास्तूंत बेर्निनींच्या प्रतिभेची उंची नाही, हे कलेतिहासकारांचे मत मान्य करायला हरकत नाही. पण एखादा प्रकल्प कागदावर कसा मांडावा, त्याचे पर्याय कसे दाखवावेत, खर्च, साहित्य आणि इतिहास यांची टिपणे चित्रांशी कशी जोडावीत, याची जी पद्धत फोंतानांनी बसवली ती युरोपभर पसरली. स्कॉटलंडचे जेम्स गिब्ज, व्हिएन्नात पुढे नाव काढणारे हिल्डेब्रांट आणि सिसिलीचे फिलिप्पो युवारा हे सर्व त्यांच्याकडे शिकले. फोंतानांच्या चित्रांचे बांधीव खंड पोप अकरावे क्लेमेंट यांच्या आल्बानी घराण्याकडे गेले आणि १७६२ मध्ये त्या घराण्याच्या संग्रहासोबत इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतले. ते आज विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. त्या चित्रांवर कोणकोणाचे हात फिरले आहेत हे ओळखणे अभ्यासकांना अजूनही जड जाते, कारण चित्रशाळेची शिस्तच अशी होती की शिष्याची रेघ गुरूच्या रेघेसारखी दिसली पाहिजे.

असा एखादा कागद जवळून पाहिला की त्यामागचे काम उलगडू लागते. कागद चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला असे; तो उजेडासमोर धरला असता साच्यातील तारांच्या समांतर खुणा आणि बहुधा गिरणीचे जलचिन्ह दिसते, आणि हेच जलचिन्ह आज तारीख ठरवायला उपयोगी पडते. मोठे चित्र हवे असेल तर दोन-चार ताव खळीने एकमेकांना जोडलेले असत. त्यावर आरेखक प्रथम शाई लावतच नसे. बोथट टोकाच्या धातूच्या सळईने पट्टीला लावून तो मध्यरेषा आणि खांबांचे अक्ष कागदात नुसते दाबून उमटवी. या बिनरंगी रेघा समोरून दिसत नाहीत, पण तिरक्या उजेडात धरल्यास कागदभर त्यांचे जाळे पसरलेले दिसते. कंपासाचे टोक जेथे रुतले तेथे बारीक भोक राही. मग शिशाच्या किंवा काळ्या खडूच्या पुसट रेघांनी आकृती बांधून, हंसाच्या पिसाच्या लेखणीने तपकिरी वा काळ्या शाईने ती पक्की केली जाई. ही तपकिरी शाई बहुधा मायफळ आणि लोहक्षार यांपासून केलेली असे; ती लिहिल्यावर काळी पडते, कालांतराने तपकिरी होते आणि जेथे दाट पडली तेथे कागद खातेही, त्यामुळे काही चित्रांत नेमक्या सर्वांत जोरकस रेघाच आज फाटलेल्या आढळतात.

शेवटी कुंचल्याने पातळ रंगाचे हात दिले जात. प्रकाश डावीकडून वरून पंचेचाळीस अंशांत येतो असे सर्वांनी मानलेले असल्यामुळे सावलीची रुंदी पाहून कंगोरा भिंतीच्या किती पुढे आला आहे हे जाणकाराला मोजताही येत असे. कापलेल्या भिंतींवर राखाडी, तपकिरी किंवा गुलाबी रंग भरला जाई. फ्रेंच लष्करी अभियंत्यांनी या रंगांना ठरलेले अर्थ दिले होते. बांधीव काम तांबडे, पाणी निळसर हिरवे आणि व्हायचे काम पिवळे अशा स्वरूपाचे हे संकेत ब्युशोत यांच्या १७२२ च्या पुस्तकात रीतसर नोंदवलेले आहेत. इटलीत, विशेषतः फ्रान्सला लागून असलेल्या पिएमाँत प्रांतात, हे संकेत परिचित होते, मात्र रोममध्ये अशी सक्ती नव्हती आणि तिथल्या आरेखकाने रंग बराचसा नजरेच्या समाधानासाठी वापरला. प्रत हवी असेल तेव्हा मूळ चित्राखाली कोरा कागद ठेवून महत्त्वाच्या बिंदूंवर सुईने भोके पाडायची आणि ती खालच्या कागदावर जोडून घ्यायची ही सोपी युक्ती होती. म्हणून एखाद्या चित्राच्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर सुईची भोके दिसली, तर त्या प्रकल्पाची निदान एक प्रत निघाली असावी असे समजायला आधार मिळतो.

या चित्रांवर ‘एकास शंभर’ यासारखे प्रमाण लिहिलेले सापडत नाही. त्याऐवजी तळाशी भाग पाडलेली एक आडवी मापपट्टी काढलेली असते आणि तिच्यावर मापाचे नाव असते. याचे कारण तेव्हाच्या इटलीच्या राजकीय नकाशात आहे. रोमचा ‘पाल्मो’ म्हणजे वीत सुमारे २२.३ सेंटिमीटर, फ्लोरेन्सचा ‘ब्राच्चो’ म्हणजे हात सुमारे ५८.४ सेंटिमीटर, तर तुरीनचा ‘पिएदे लिप्रांदो’ म्हणजे पाऊल चक्क ५१.४ सेंटिमीटर होते आणि अशा सहा पावलांचा एक ‘त्राबुक्को’ होई. चित्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले की आकडे निरुपयोगी ठरत, पण काढलेली पट्टी कंपासाने उचलून कोणत्याही मापात बदलता येई. गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेतील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा हे अशा दूरस्थ कामाचे मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचे उदाहरण होय. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्यासाठी जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी तो रचला. रंगीत दगड, संगमरवर आणि काशाच्या शिल्पपट्ट्या असे त्याचे सर्व भाग फ्लोरेन्समध्ये घडवून जहाजाने पाठवण्यात आले आणि सोबत गेलेल्या प्लाचिदो रांपोनी यांनी १६९८ मध्ये गोव्यात ते जुळवून उभे केले. या चौथऱ्यावर ठेवायची चांदीची पेटी त्याआधी सहा दशके गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली होती. फ्लोरेन्सच्या हातांत मोजणाऱ्या कारखान्यातले दगड पोर्तुगीज वितींत मोजणाऱ्या गोव्यात बसवायचे, तर मापे आणि चित्रे यांवाचून दुसरा दुवा नव्हता.

आरेखनाच्या जोरावर माणूस किती वर जाऊ शकतो याचे उत्तम उदाहरण फिलिप्पो युवारा (१६७८–१७३६) यांचे आहे. मेस्सिनातील चांदीकामाच्या घरात ते वाढले, धर्मगुरूची दीक्षा घेतली, आणि रोमला येऊन १७०५ च्या स्पर्धेत वास्तुकलेच्या पहिल्या वर्गाचे पहिले बक्षीस पटकावले. त्या वर्षीचा विषय समान योग्यतेच्या तीन मान्यवरांनी राहण्याच्या ग्रामीण प्रासादाचा होता, म्हणजे तिघांपैकी कोणालाही उणे वाटू नये अशी मांडणी करणे हाच खरा कस होता. बक्षीस मिळाले तरी पुढची सुमारे नऊ वर्षे त्यांना बांधायला फारसे काही मिळाले नाही. कार्डिनल ओत्तोबोनी यांच्या खाजगी रंगमंचासाठी ते देखाव्यांची चित्रे काढत राहिले. या काळाकडे वाया गेलेला काळ म्हणून पाहणे चूक ठरेल. फेर्दिनांदो गाल्ली बिब्बिएना यांनी १७११ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली ‘कोनातून दिसणारा देखावा’ ही पद्धत तेव्हा नवी होती. रंगमंचाच्या मधोमध एकच खोल रस्ता न दाखवता वास्तूचा कोपरा प्रेक्षकाकडे करायचा आणि तिच्या दोन्ही बाजू नजरेच्या पलीकडे पळत नेण्याऐवजी कडेच्या पडद्यांत विरून जाऊ द्यायच्या, म्हणजे लहानशा मंचावर अफाट वास्तूचा भास होतो, असे तिचे तत्त्व होते. युवारांनी हा भास काही वर्षांनी दगडात आणला, आणि त्यांच्या जिन्यांतून व दालनांतून आरपार जाणारी नजर मूळ नाट्यगृहातली आहे हे त्यांच्या वास्तू पाहताना विसरता येत नाही.

साव्होयचा ड्यूक दुसरा व्हित्तोरिओ आमेदेओ सिसिलीचा राजा झाला आणि १७१४ मध्ये त्याने युवारांना आपल्या पदरी घेऊन तुरीनला आणले. सुपेर्गाच्या डोंगरावरची बॅसिलिका, शहरातील पालात्सो मादामाचा दर्शनी भाग आणि त्यामागचा भव्य जिना, स्तुपिनीजीचे शिकारगृह ही त्यांची कामे प्रसिद्धच आहेत. आरेखनाच्या इतिहासाला मात्र रिव्होलीच्या किल्ल्यातील प्रासाद अधिक बोलका वाटतो. त्याची योजना राज्याच्या ताकदीबाहेरची होती. काम अर्ध्यावरच थांबले आणि आजही एका बाजूला विटांच्या उघड्या भिंती तशाच उभ्या आहेत. पण तो प्रासाद पुरा झाल्यावर कसा दिसेल याची लाकडी प्रतिकृती तयार होती, आणि जोव्हान्नी पाओलो पान्नीनी यांच्यासारख्या चित्रकारांकडून युवारांनी तो पूर्ण झाल्याप्रमाणे रंगवूनही घेतला होता. राजाने खर्च केला तो दगडावर. टिकून सर्वांसमोर आली ती मात्र चित्रे. युवारा चित्रे भेटीदाखलही देत असत. इंग्लंडच्या लॉर्ड बर्लिंग्टन यांना त्यांनी १७३० मध्ये पाठवलेली वही चॅट्सवर्थ येथे आहे. तिच्यातल्या कल्पित वास्तू कोणासाठीच बांधायच्या नव्हत्या, आणि तरीही ती भेट एखाद्या रत्नासारखी स्वीकारली गेली. माद्रिदचा जुना राजवाडा १७३४ च्या नाताळाच्या आदल्या रात्री जळाल्यावर नव्या राजवाड्यासाठी त्यांना स्पेनला बोलावण्यात आले. तेथे अवाढव्य आराखडा मांडून ३१ जानेवारी १७३६ रोजी ते मरण पावले. त्यांच्याच शिष्याने, साक्केत्ती यांनी, तो आराखडा आटोपशीर करून राजवाडा उभारला.

त्याच तुरीनमध्ये आरेखनाचे एक अगदी वेगळे जग होते. १७०६ मध्ये फ्रेंच सैन्याने या शहराला ११७ दिवस वेढा घातला तेव्हा शहर वाचले ते काही अंशी किल्ल्याखालच्या भुयारांमुळे. शत्रू सुरुंग खणत आला तर त्याच्याही खाली जाऊन त्याला उडवायचे, यासाठी आंतोनिओ बेर्तोला या अभियंत्याच्या योजनेनुसार किल्ल्याच्या बाहेरपर्यंत भुयारांचे मोठे जाळे खोदलेले होते. बेर्तोला मूळचे वकील होते, ही गंमत त्यांच्या नावामागे कागदोपत्री कायमची चिकटली आहे. जमिनीखालच्या अंधारात बांधलेली ही वास्तू कोणाला पाहून समजणे शक्यच नव्हते. भुयारांच्या थरांचे परस्परांवर येणारे तलचित्र आणि खोली दाखवणारा छेद एवढ्यावरच तिची व्यवस्था चाले, आणि म्हणून ही चित्रे कुलुपात राहत. अकादमीच्या चित्रात सावली हे सौंदर्य होते. येथे अर्धा हात चुकलेली रेघ म्हणजे माणसांचे प्राण. तुरीनच्या किल्ल्यासारख्या कोनी बुरुजांची इटालियन पद्धत शतकापूर्वीच हिंदी महासागरात पोहोचली होती. पोर्तुगीजांचे मुख्य अभियंता जोव्हान्नी बात्तिस्ता काइराती यांनी मोंबासाचा फोर्ट जीझस १५९३ मध्ये आखला आणि ते १५९६ मध्ये गोव्यात मरण पावले. वसईच्या कोटाचे बुरूजही याच वळणाचे आहेत, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सान सेबास्तियनच्या बुरुजाला खिंडार पाडले तेही सुरुंगांनीच.

नदीवरचे काम त्याहून निराळे. डच जलअभियंता कोर्नेलिस मेयर यांनी १६७५ च्या सुमारास पोपच्या दरबाराला पेरूजापासून रोमपर्यंत तिबर नदी नौकांसाठी खुली करण्याची योजना सुचवली, आणि नदीतले अडथळे, पडके पूल, गिरण्या व खचलेले काठ यांची चित्रे काढण्यासाठी गास्पार व्हान व्हिटेल या आपल्या तरुण देशबांधवाला मदतीला घेतले. योजना फारशी पुढे गेली नाही. फ्लामिनिया रस्ता नदी खाऊ नये म्हणून रोवलेली लाकडी खांबांची रांग हे तिचे त्यातल्या त्यात ठोस फळ. पण काठाची प्रत्येक घळ आणि भिंत जशी आहे तशी नोंदवण्याच्या या सवयीतून व्हान व्हिटेल यांनी शहरदृश्यांचा एक नवाच प्रकार रूढ केला, आणि इटलीभर पसरलेल्या शहरचित्रांच्या पुढच्या परंपरेचे मूळ त्यात आहे. अभियांत्रिकीच्या नोंदीतून कला जन्मली असे सरधोपट विधान सहसा खरे नसते, येथे मात्र ते बरेचसे खरे आहे. त्यांचा मुलगा लुईजी १७०० मध्ये नेपल्समध्ये जन्मला, आडनावाचे इटालियन रूप ‘वानव्हितेल्ली’ असे करून घेऊन वास्तुशास्त्रज्ञ झाला आणि रोमच्या संत पीटर बॅसिलिकेच्या देखभालीवर नेमला गेला. अठराव्या शतकातील सर्वांत गाजलेल्या वास्तुपरीक्षेत तो सापडला तो या नेमणुकीमुळे.

संत पीटरचा घुमट १५९० मध्ये पुरा झाला होता आणि त्याला तडे गेले होते. आतून सुमारे ४२ मीटर व्यासाच्या त्या घुमटाच्या भाराने खालची गोल भिंत बाहेर ढकलली जात आहे की काय, अशी शंका पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या काळात इतकी वाढली, की १७४२ मध्ये तीन गणितज्ञांकडून लेखी मत मागवण्यात आले. त्यांपैकी ल स्यर आणि जाकिये हे न्यूटनच्या ग्रंथाचे भाष्यकार, तर तिसरे बोस्कोविच. त्यांनी तड्यांवरून घुमटाचे कोणते भाग कशाभोवती फिरत आहेत हे मांडून ढकलणारे बल आकड्यांत काढले. रोमच्या बांधकाम करणाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. घुमट गणिताशिवाय बांधला गेला, तर तो गणिताशिवाय राहीलही, असा त्यांच्या आक्षेपांचा सूर होता. मग १७४३ मध्ये पाडुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांना बोलावण्यात आले. पोलेनींच्या परीक्षणाचा गाभा एका चित्रात सामावतो. दोन्ही टोकांना टांगलेली साखळी जो आकार घेते तोच उलटा केला की दाबाखाली स्थिर राहणाऱ्या कमानीचा आकार मिळतो, हे इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच सांगितले होते. पोलेनींनी घुमटाच्या कलिंगडाच्या फोडीसारख्या पन्नास फोडी कल्पून त्यांतील एकीचे बत्तीस भाग केले, प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात साखळीला भार लटकवले आणि तिने घेतलेली वक्ररेषा घुमटाच्या छेदावर ठेवून पाहिली. ती भिंतीच्या जाडीच्या आतच राहिली, म्हणून घुमटाचा मूळ आकार सुरक्षित ठरला; तड्यांवर उपाय म्हणून बाहेरून लोखंडी पट्ट्यांची कडी चढवावीत असे ठरले. १७४३–४४ मध्ये वानव्हितेल्लींच्या देखरेखीखाली पाच कडी बसवण्यात आली, आणि घुमटाच्या मूळच्या कड्यांपैकी एक तुटलेले सापडल्यावर १७४८ मध्ये सहावे.

या प्रकरणात छेदचित्राने केलेली कामगिरी आधीच्या कोणत्याही चित्राने केली नव्हती. तोवर छेद पाहून वास्तू बांधली जाई. आता उभी असलेली वास्तू छेदात उतरवून, तिच्यावर एक गणिती रेषा ठेवून तिची तब्येत तपासली गेली. मात्र त्यासाठी छेद खरा असावा लागतो. तड्यांची जागा, लांबी आणि रुंदी प्रत्यक्ष चढून मोजून कागदावर आणणाऱ्यांच्या कामावर तीन गणितज्ञांचे आणि पोलेनींचेही निष्कर्ष उभे होते, आणि दोन मतांच्या वादात ज्या एका गोष्टीवर सर्वांचा विश्वास होता ती म्हणजे ही चित्रे.

आणि चढायचे कसे, हा प्रश्न निकोला झाबाल्या (१६६४–१७५०) यांच्यापुढे आला. संत पीटरच्या देखभालीतील कामगारांचे ते म्होरके होते आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते असे त्यांच्याविषयी सर्वत्र नमूद आहे. जमिनीपासून परांची उभी करायची तर त्या प्रचंड वास्तूत जंगलभर लाकूड लागले असते, शिवाय खाली चालू असलेली उपासना बंद पडली असती. झाबाल्यांनी कंगोऱ्यांवर टेकणाऱ्या, दोरांनी ताणलेल्या आणि भिंतीतून पुढे झेपावणाऱ्या हलक्या परांच्या रचल्या. मोजक्या लाकडांत आणि खिळ्यांऐवजी बव्हंशी दोरांच्या गाठींवर उभी असलेली त्यांची रचना काम संपताच सोडून पुढच्या ठिकाणी नेता येत असे. भिंतीवर रंगवलेले दोमेनिकिनोचे संत सेबास्तियनचे अजस्र चित्र भिंतीच्या थरासकट उतरवून दुसऱ्या चर्चमध्ये हलवण्याचे अवघड कामही त्यांनीच केले. हे सर्व ज्ञान त्यांच्या हातांत आणि गाठींत होते. ते त्यांच्याबरोबरच संपण्याचा धोका ओळखून संत पीटरच्या व्यवस्थापनाने १७४३ मध्ये ‘कास्तेल्ली ए पोंती’, म्हणजे ‘परांच्या आणि पाळणे’, हा लॅटिन व इटालियन मजकुराचा मोठा ग्रंथ छापला.

या ग्रंथातील पन्नासहून अधिक ताम्रपट्टचित्रांमागची रेखाटने फ्रांचेस्को रोस्तान्यी यांची. झाबाल्यांची रचना पाहून तिचे चित्र काढणे म्हणजे नुसती नक्कल नव्हे, कारण दोर कुठून निघून कोणत्या कप्पीवरून कोणत्या तुळईला बांधला आहे हे समोरून पाहून दिसत नाही, आणि जे दिसते ते सगळे काढले तर दोरांचा गुंता होऊन काहीच समजत नाही. रोस्तान्यींनी म्हणून एकाच पानावर तीन-चार पायऱ्या घेतल्या. वर संपूर्ण परांची बॅसिलिकेच्या भिंतीसह आणि तिच्यावर कामगारांच्या लहान आकृती, खाली तीच रचना उकलून सुटे भाग, बाजूला गाठ आणि कप्पी मोठी करून, आणि प्रत्येक भागावर मजकुराशी जुळणारे अक्षर. कामगारांच्या आकृती शोभेसाठी नाहीत. त्या पाहून तुळईची लांबी आणि उंची यांचा अंदाज येतो, आणि कोण कुठे उभा राहून ओढतो हेही कळते. ग्रंथाच्या सुरुवातीला झाबाल्यांचे व्यक्तिचित्र आहे, ते व्यंगचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिएर लेओने गेत्सी यांनी काढलेले.  तेव्हाच्या प्रथेप्रमाणे रेखाटन करणाऱ्याचे नाव ताम्रपटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आणि कोरणाऱ्याचे उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येई.

अक्षरशत्रू म्हणता येईल अशा कारागिराची विद्या छापील पुस्तकात आली ती या आरेखनामुळेच. घुमटाच्या वादात गणितज्ञांनी जो छेद वापरला आणि कंगोऱ्यावर झाबाल्यांनी जी गाठ मारली, या दोन टोकांमधले अंतर त्या काळात आरेखकाशिवाय दुसऱ्या कोणी भरून काढले नाही. युवारांसारखे थोडे आरेखक वास्तुशास्त्रज्ञ म्हणून मोठे झाले आणि त्यांची चित्रे त्यांच्या नावावर राहिली. रोस्तान्यींसारख्यांनी तितकेच बिनचूक काम केले, पण त्यांचे श्रेय पानाच्या कोपऱ्यातच राहिले, आणि हे इतिहासलेखनाचे वैगुण्य आहे. ‘कास्तेल्ली ए पोंती’ची दुसरी आवृत्ती १८२४ मध्ये रोममध्ये निघाली, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर ऐंशी वर्षांनीही परांची बांधणाऱ्यांना आणि अभियंत्यांना तिचा उपयोग होत होता.